फळीवरची पाच संजीवकं: कापूस, मोसंबी, केसर आणि डाळिंबासाठी काय घ्यावं, काय राहू द्यावं

पोळा जवळ आला की परभणी, हिंगोली, जालन्याच्या कृषी सेवा केंद्रांत एकच मागणी सुरू होते, "पाते गळायलेत, काहीतरी द्या." पाते म्हणजे कापसाच्या कळ्या. दुकानदार फळीवरून एक बाटली काढतो, "पंपाला एक झाकण" असं सांगतो आणि पावती फाडतो. त्या फळीवर निदान पाच प्रकारची संजीवकं असतात. एक गळ थांबवतं, दुसरं मुद्दाम पानगळ घडवतं. एक फांदी लांबवतं, तर दुसरं तीच फांदी आखूड ठेवतं. चुकीची बाटली उचलली तर नुसते पैसे जात नाहीत, पीकही उलट्या दिशेला जातं. म्हणून प्लॅनोफिक्स, कल्टार, जिबरेलिक आम्ल, लिहोसिन आणि इथ्रेल या पाचांचं हे परीक्षण, मराठवाड्यातल्या जमिनीचा आणि पाण्याचा विचार करून.

संजीवक म्हणजे झाडाच्या एका अवयवानं दुसऱ्याला धाडलेला निरोप. झाड स्वतः हे द्रव्य अत्यंत कमी बनवतं, किलोभर ताज्या पाल्यात काही मायक्रोग्रॅम इतकंच. खताची मात्रा थोडी जास्त झाली तर बहुतेक वेळा निभावतं, इथे निभावत नाही. मात्रा दुप्पट झाली की निरोपाचा अर्थच बदलतो, आणि ते सगळ्यात ठळक दिसतं प्लॅनोफिक्समध्ये.

बाटली हातात घेतल्यावर आधी लेबल वाचा. आपल्याकडे संजीवकांची नोंदणी कीटकनाशक कायदा १९६८ खाली होते. त्यामुळे खऱ्या संजीवकाच्या लेबलवर घटकाचं नाव, टक्केवारी, सीआयआरनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत चौकोन असायलाच हवा. शेजारीच मांडलेली समुद्री शेवाळाची, ह्युमिकची, अमिनो आम्लांची टॉनिकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. ती वाईट नाहीत, पण पातेगळ रोखणं किंवा मोहोर काढणं हे त्यांचं काम नव्हे. "फुलंच फुलं" असं चित्र छापलेलं आहे आणि आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही, अशी बाटली परत फळीवर ठेवा.

प्लॅनोफिक्स

घटक: अल्फा नॅफ्थिल ॲसिटिक आम्ल, म्हणजेच एनएए, ४.५ टक्के. हे कृत्रिम ऑक्झिन आहे; ऑक्झिन हे झाडात बनणारं एक संजीवक. पाचांत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त चुकीचं वापरलं जाणारंही हेच.

पाते किंवा बोंड गळतं ते देठाच्या तळाशी असलेल्या पेशींच्या एका पातळ थरातून. पातं सुदृढ असेल तर त्यातून देठाकडे ऑक्झिन सतत वाहत राहतं आणि तो थर शांत राहतो. आठ-दहा दिवस ढग दाटून राहिले, शेतात पाणी तुंबलं किंवा उलट मोठा खंड पडला, की हा प्रवाह मंदावतो. मग त्या थराला झाडातच बनणाऱ्या, गळ घडवणाऱ्या इथिलीन वायूचा परिणाम जाणवू लागतो, पेशींना जोडणारं द्रव्य विरघळवणारी विकरं तयार होतात आणि पातं सुटतं. एनएएची फवारणी बाहेरून ऑक्झिन पुरवून हा थर काही दिवस थोपवून धरते. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

मापाचं गणित सोपं आहे. १ मिलीत साधारण ४५ मिलिग्रॅम एनएए असतं, म्हणजे साडेचार लिटर पाण्यात १ मिली टाकलं की १० पीपीएमचं (लिटरला १० मिलिग्रॅम) द्रावण होतं. कापसाला १० ते २० पीपीएम पुरतं. १५ लिटरच्या पंपाला १० पीपीएमसाठी ३.३ मिली आणि २० पीपीएमसाठी ६.७ मिली. झाकणानं मोजायला गेलं की हिशेब इथेच चुकतो, कारण बाटलीच्या आकाराप्रमाणे झाकणही लहान-मोठं असतं. एका पंपात १५ मिली गेलं तर द्रावण ४५ पीपीएमचं होतं, आणि ऑक्झिन जास्त झालं की झाड स्वतःच इथिलीन बनवू लागतं. मग पाते जास्तच गळतात. सफरचंदाच्या बागांत फळांची विरळणी करायला हेच एनएए याच गुणासाठी वापरतात. औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या, बाटलीसोबतच ठेवा आणि दर पंपाला तिनंच मोजा.

पहिली फवारणी पाते-फुलं लागण्याच्या काळात, दुसरी १५ ते २० दिवसांनी. सकाळी दव सुकल्यावर किंवा दुपार कलल्यावर. जमिनीत वाफसा असावा. पाण्यावाचून कोमेजलेल्या पऱ्हाटीवर मारून काही हाती लागत नाही.

घेण्याआधी शेतात पडलेले पाते उचलून फोडून पाहा. छिद्र असेल, आत अळी किंवा तिची विष्ठा असेल, फुलं डोमकळीसारखी मिटलेली दिसत असतील, तर ती गळ बोंडअळीची आहे आणि तिथे एनएएचा थेंबही वाया जातो. पाते स्वच्छ, पिवळट आणि देठासकट सुटलेले असतील तरच ही बाटली कामाची. आणि एक गोष्ट डोक्यात असू द्या: उत्तम सांभाळलेली पऱ्हाटीसुद्धा लागलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पाते-फुलं-बोंडं स्वतःहून टाकते, कारण सगळी पोसण्याची तिची ताकद नसते. शून्य गळ कुठलीच बाटली देणार नाही.

अतिवृष्टीनंतर अचानक माना टाकणाऱ्या कापसाची गोष्ट निराळी. मुळांभोवती पाणी साचलं की हवा संपते. इथिलीनच्या आधीचं द्रव्य मुळांत बनत राहतं, पण त्याचं इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो. म्हणून ते द्रव्य वर चढतं आणि पानांत हवा मिळताच तिथे इथिलीन बनतं. पानं खाली वाकतात ती त्यामुळे. आकस्मिक मर दिसू लागताच एक-दोन दिवसांत कोबाल्ट क्लोराईड १० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम, फवारायला सांगतात त्यामागे हेच कारण आहे: कोबाल्ट इथिलीन बनण्याची शेवटची पायरी अडवतं. त्याच्या जोडीला आधी चर काढून पाणी बाहेर, आणि बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड व युरियाची आळवणी. एनएए इथे दुय्यम.

मोसंबीच्या फळगळीलाही प्लॅनोफिक्स खपतं, पण तिथे जिबरेलिक आम्ल जास्त भरवशाचं वाटतं. त्याबद्दल पुढे.

निर्णय: घ्या, पण सिरिंजसकट. स्वस्त आहे, नेमकं आहे. बोर्डो किंवा चुन्याच्या द्रावणात मिसळू नका.

कल्टार

घटक: पॅक्लोब्युट्राझोल २३ टक्के, म्हणजे लिटरला साधारण २५० ग्रॅम. हे स्वतः संजीवक नाही, तर झाडातल्या जिबरेलिनची, म्हणजे फांदी लांबवणाऱ्या संजीवकाची, निर्मिती अडवणारं द्रव्य. जिबरेलिन कमी झालं की आंब्याची पालवी थांबते आणि काडी मोहोराकडे वळते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं हापूससाठी ठरवलेली मात्रा झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम मूळ घटक, म्हणजे ३ मिली कल्टार. पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर असे दोन व्यास टेपनं मोजून सरासरी काढायची. सरासरी ६ मीटर आली तर १८ मिली. ते ४-५ लिटर पाण्यात कालवायचं, बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोल आखून १० ते १२ सेंटिमीटर खोल अशी २५ ते ३० छिद्रं पहारीनं पाडायची, प्रत्येकात सारखं ओतायचं आणि माती लोटायची. त्याआधी आळ्यातलं तण काढायचं, नाहीतर निम्मं तणच पितं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट.

ही शिफारस कोकणातल्या लाल, निचऱ्याच्या, मुसळधार पावसाच्या जमिनीवर उभी आहे. आपल्याकडच्या केसरच्या बागा काळ्या, चिकण जमिनीत आहेत, आणि फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला, जुलै-ऑगस्टमध्ये इथे पावसाचा खंड पडतोच. जमीन कोरडी असेल तर औषध मातीला चिकटून बसतं, मुळांपर्यंत जात नाही. म्हणून ठिबक चालवून दोन दिवस ओल करा, मग द्या आणि नंतरही आठ-दहा दिवस ओल टिकवा. दुसरा, काळ्या मातीतून ते सहज निचरून जात नाही, पुढच्या वर्षापर्यंत त्याचा अंश राहतो. दरसाल तीच पूर्ण मात्रा देत गेलं की साठा वाढतो. दुसऱ्या वर्षी मात्रा ठरवताना नव्या पालवीकडे पाहा. पेरं आखडलेली, पानं गुच्छासारखी दाटलेली आणि मोहोराचा तुरा मुठीएवढाच दिसला, तर या वर्षी कल्टार बंद. असल्या दाट तुऱ्यात हवा खेळत नाही, तुडतुडे आणि भुरी तिथेच माजतात आणि फवारा आत पोचत नाही.

वाढीच्या वयातल्या झाडांना कल्टार देऊच नये. दहा वर्षांच्या आतलं पारंपरिक अंतरावरचं झाड अजून सांगाडा बांधत असतं. ज्या झाडाला पुरेसं शेणखत आणि खताचा पूर्ण हप्ता मिळालेला नाही, त्यालाही नाही. कल्टार मोहोर काढून देतं, तो पोसण्याचं अन्न देत नाही. दोन बहार भरघोस येतात आणि तिसऱ्या वर्षी फांद्या शेंड्याकडून वाळायला लागतात, ते याच उपाशी बागांत. त्याच आळ्यात भाजीपाल्याचं आंतरपीक असेल तर तेही खुजं राहतं.

निर्णय: भर वयाच्या, खात्यापित्या, एक वर्षाआड फळणाऱ्या बागेसाठी उत्तम. नियमित फळणाऱ्या केसरला त्याची गरज नसते. मोहोर आठ-पंधरा दिवस लवकर आणण्याच्या हव्यासापायी बाग त्याच्या सवयीची करू नका.

जिबरेलिक आम्ल

१९२६ साली एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढवणाऱ्या बुरशीच्या अर्कातून हा परिणाम दाखवला, पुढे त्या बुरशीच्याच नावावरून जिबरेलिन हे नाव आलं. आज दुकानात ते तीन रूपांत मिळतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं रूप ९० टक्क्यांच्या वरची शुद्ध भुकटी. दुसरं पाण्यात विरघळणारे ४० टक्क्यांचे दाणे. तिसरं ०.००१ टक्के द्रव, जे ढोबळमानानं सगळ्या पिकांना सुचवलं जातं. आता गणित मांडा. ०.००१ टक्क्याच्या एका लिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम जिबरेलिक आम्ल असतं. १५ लिटरच्या पंपात त्याचे १५ मिली टाकले तर द्रावण होतं ०.०१ पीपीएमचं. मोसंबीची फळगळ रोखायला लागतं १५ पीपीएम, म्हणजे दीड हजार पट. त्या बाटलीनं मोसंबीचं झाड वाचवायला निघालेल्याची फसगत ठरलेली आहे, मग बाटली कितीही अस्सल असो.

मोसंबीसाठी भुकटीच घ्या: १०० लिटर पाण्याला दीड ग्रॅम जिबरेलिक आम्ल, सोबत १ किलो युरिया आणि १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम. भुकटी थेट पाण्यात पडली की गुठळ्या होऊन तळाशी बसते. आधी ती ४०-५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये पूर्ण विरघळवा, मग ढवळत पाण्यात सोडा. ४० टक्क्यांच्या दाण्यांना हा खटाटोप नाही. मात्र मोजताना टक्केवारी लक्षात घ्या: त्याच १५ पीपीएमसाठी ते पावणेचार ग्रॅम लागतात.

दुसरी अडचण पाण्याची. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा पाण्यात जिबरेलिक आम्ल टिकत नाही, तासागणिक त्याची ताकद घटते. सामू ५.५ ते ६.५ वर आणा. बादलीत १० लिटर पाणी घेऊन चिमूट-चिमूट सायट्रिक आम्ल टाका, दरवेळी सामू दाखवणारी पीएच पट्टी बुडवून पाहा, किती लागलं ते लिहून ठेवा आणि टाकीला त्या प्रमाणात घ्या. दर गावाचं, दर बोअरचं प्रमाण वेगळं येतं, म्हणून शेजाऱ्याचा आकडा उचलू नका. पावसाचं साठवलेलं शेततळ्याचं पाणी असेल तर ते पहिल्या पसंतीचं.

फळावर पतंगानं टोचल्याची खूण असेल किंवा देठाजवळ कूज असेल तर ही फवारणी गळ थांबवणार नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत, आंबे बहारासाठी पाणी तोडून दिलेला ताण चालू असताना, मोसंबीवर जिबरेलिक आम्ल चुकूनही नको. लिंबूवर्गीय झाडांत ते फुलांच्या कळ्या घडण्यालाच विरोध करतं, फळगळ वाचवायला घेतलेली बाटली बहार घालवून बसते.

निर्णय: मोसंबी आणि द्राक्षासाठी भुकटी किंवा दाणे, घ्यावेतच. ०.००१ टक्केवाली बाटली फळबागेत राहू द्या.

लिहोसिन

घटक: क्लोरमेक्वाट क्लोराईड ५० टक्के. कल्टारसारखंच जिबरेलिन अडवतं, पण फवारून देतात आणि जमिनीत वर्षभर ठाण मांडत नाही. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग मोसंबीच्या ताणाला. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर तुटत नाही, त्यात अवकाळी पाऊस आला की ताण मोडतो आणि फुलांऐवजी पालवी फुटते. अशा वेळी १,००० पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिली, आणि १५ दिवसांनी पुन्हा एकदा. हलक्या जमिनीत ताण आपसूक बसतो, तिथे खर्च करू नका.

द्राक्षात खरड छाटणीनंतर वाढ रोखायला ते वापरतात. निर्यात करणाऱ्यांनी मात्र सावध असावं. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत याचे अंश मर्यादेबाहेर निघाले होते आणि मोठा माल अडकला होता. फळ छाटणीनंतर बाटलीला हात लावू नये.

इथ्रेल

घटक: इथेफॉन ३९ टक्के. आम्लधर्मी द्रावणात ते स्थिर असतं; पानात शिरलं की तिथल्या सातच्या आसपासच्या सामूला फुटतं आणि इथिलीन सोडतं. डाळिंबाच्या बहारासाठी एकसारखी पानगळ करायला याला तोड नाही.

क्रम असा: ताण पूर्ण, पानं पिवळी पडून काही गळलेली, हलकी छाटणी, मग इथ्रेल. मात्रा पानांकडे पाहून ठरवा. निम्मी पानं आधीच गळाली असतील तर लिटरला १ मिली पुरे. झाड हिरवंगार असेल तर २ मिलीपर्यंत. सोबत ०:५२:३४ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम. आठवड्याभरात पानगळ होते, मग खतं आणि पहिलं पाणी हलकं. उन्हाचा पारा चढलेला असताना पूर्ण मात्रा मारली की इथिलीन एकदम सुटतं आणि पानांबरोबर काड्यांचे शेंडेही वाळतात. थंडीत उलट, पानगळ रेंगाळते. लोक तिसऱ्याच दिवशी दुसरा हात मारतात आणि मग एकदम दोन्हींचा परिणाम दिसतो. आठ दिवस थांबा. कालवलेलं द्रावण दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, बोअरच्या पाण्यात तर नाहीच.

आंबा, केळी पिकवायला फळं इथ्रेलच्या द्रावणात बुडवणं नियमात बसत नाही आणि कॅल्शियम कार्बाईडवर तर बंदीच आहे. अर्धापूर, वसमतच्या केळीला आता रायपनिंग चेंबर उपलब्ध आहेत. तिथे १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू देतात. तोच मार्ग धरा.

पंपाबद्दल

या पाचांतलं कुठलंही औषध मारण्याआधी पंपाचा इतिहास विचारा. ज्वारी, गव्हात तणासाठी वापरलेलं २,४-डी हेही कृत्रिम ऑक्झिनच आहे, आणि कापूस त्याला कमालीचा हळवा. नळीत, फिल्टरच्या जाळीत राहिलेल्या अंशानंसुद्धा पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी चिरलेली, बोटांसारखी निमुळती होतात. लोक त्याला रोग समजतात, त्यावर बुरशीनाशक मारतात. नुसत्या पाण्यानं दोनदा खळबळून ते जात नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं टाकी भरून नळी-नोझलसकट रात्रभर ठेवावं लागतं, नंतर दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवावं लागतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवणं याहून बरं, त्यावर लाल रंगानं खूण करून. २,४-डी विकत घेतानाही लेबल पाहा: एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन शेजारच्या शिवारातल्या कापसापर्यंत पोचतो, म्हणून भोवती पऱ्हाटी उभी असताना सोडियम किंवा अमाईन क्षारच मागा, आणि तोही वारा पडलेला असतानाच मारा.